प्रकल्प नोंदी: एक खून, सात ठिपके आणि नसती उठाठेव

४ मे

आजपासून नोंदी ठेवायच्या. काम असं: एक हलकीफुलकी रहस्यकादंबरी लिहायची, साधारण पस्तीस हजार शब्दांची. खून एक, रक्त जवळजवळ नाही, आणि शोध लावणारी व्यक्ती पोलिसांतली नाही की पगारी गुप्तहेरही नाही. इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी' म्हणतात. मराठीत धड शब्द सुचत नाही. 'उबदार रहस्यकथा' म्हटलं तर गोधडीची जाहिरात वाटते. ताई म्हणते, "झोपायच्या वेळची खुनाची गोष्ट." तूर्तास तेच.

छापून यावी हा मूळ हेतू नाही (आली तर नको म्हणणार नाही). गेली वीस वर्षं मी ही पुस्तकं वाचतोय, बऱ्याचदा एखाद्या भारदस्त ग्रंथाच्या आड धरून. ती हातातून का सुटत नाहीत यावर लेख लिहायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा परीक्षेतलं दहा गुणांचं उत्तर तयार झालं. म्हटलं, आता एक स्वतःच बनवून बघू. कुठे अडतं त्यावरून कळेल, कुठला भाग कशासाठी असतो.

आजचा अंदाज लिहून ठेवतो: वाचक कोडं सोडवायला येतो. बाकी सगळी सजावट.

७ मे

शोध लावणारी ठरली. निवृत्त मुद्रितशोधक. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि पुस्तकावर नाव एकदाही नाही. नाव सुचेपर्यंत नोंदींत नुसतं 'बाई'.

जागा: एक जुनं वाचनालय. काळ १९८५ च्या आसपास. मोबाइल आला की चौथ्या पानावर कोणीतरी कोणाला तरी फोन करतं आणि कादंबरी आटोपते.

गुन्हा: वाचनालयातलं एक दुर्मीळ हस्तलिखित गायब. खून नाही. हलकंफुलकं म्हणतोय तर उगाच माणूस कशाला मारायचा?

(वर 'खून एक' असं मीच लिहिलंय. राहू दे.)

१२ मे

ताईला पहिली पाच प्रकरणं आणि शेवटाचं टिपण दिलं. तिने काय केलं असेल? आधी शेवट वाचला. मग पहिलं पान उघडलं.

"अगं, मग उरलं काय?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सगळंच उरलं की. आता कोणी केलं ते माहितीये, तर तो माणूस खोटं बोलताना नीट बघता येतो. नाहीतर मी नुसती पानं उलटत सुटते."

ती म्हणे नेहमीच असं वाचते. चाळीस वर्षं! हे मला आज कळतंय. शिवाय आवडलेली पुस्तकं दोन-तीनदा वाचते. कोड्याचा सिद्धांत आठ दिवसांतच गाळात.

१५ मे

ताईचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देणार होतो, पण २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगाची आठवण झाली. बारा लघुकथा घेतल्या होत्या, त्यांत रहस्यकथाही होत्या. काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांनाच कथा सरासरीने जास्त आवडल्या. पुढे इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत उलटेही निकाल आले, त्यामुळे ताईला हे सांगणार नाही. आधीच ती ऐकत नाही.

पण उलट बाजूही आहे. कवी ऑडनने १९४८ मध्ये या कथांवर एक निबंध लिहिला. स्वतःला तो चक्क व्यसनी म्हणवतो. हातात घेतली की संपेपर्यंत काम नाही, झोप नाही. आणि संपली की लगेच विसरतो, पुन्हा वाचावीशी वाटत नाही. म्हणजे एकाच पुस्तकाचे दोन भक्त, एक शेवट कळल्यावर पुस्तक टाकून देणारा आणि एक शेवटापासून सुरू करणारी. दोघांना खेचणारी गोष्ट एकच असेल, तर ती उत्तरात नसणार.

२१ मे

मसुदा सपक झालाय, आणि का ते आज सापडलं. तिसऱ्या प्रकरणात बाई खजिनदाराच्या घरी जाऊन विचारतात, की गुरुवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात. मी लिहीत होतो, आणि खजिनदार माझी परवानगी न घेता म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?"

आणि त्याचं बरोबर आहे! एक हस्तलिखित हरवलंय. वाचनालयाची समिती आहे, ती बघेल. या बाईंनी लोकांच्या दारात जाऊन वेळापत्रकं विचारायचं कारण काय? पुढची दोन प्रकरणं त्या नुसत्या भोचक वाटतात. वाचक त्यांच्या बाजूने उभाच राहत नाही.

खून लागतो तो इथे. रक्तासाठी नाही, थरारासाठीही नाही. खून झाला की त्याच प्रश्नाचं वजन बदलतं. काल 'नसत्या चौकशा' होत्या त्या आज कर्तव्य होतात. ज्या एका गोष्टीसाठी आपण लहानपणापासून बोलणी खाल्ली (दुसऱ्याच्या पत्रात डोकावू नकोस, मोठी माणसं बोलत असताना कान देऊ नकोस, तुला काय करायच्यात नसत्या उठाठेवी) ती दोनशे पानं बिनदिक्कत करायचा परवाना म्हणजे ते प्रेत.

ऑडन म्हणतो, प्रेत बिचकवणारं हवं, पण ते प्रेत आहे एवढ्यासाठी नव्हे; ते अगदी अस्थानी हवं, दिवाणखान्यातल्या गालिचावर कुत्र्याने घाण करावी तसं. उपमा चोख. म्हणूनच ही पुस्तकं अंधाऱ्या गल्लीत घडत नाहीत. तिथे प्रेत अस्थानी नसतं, आणि तिथे कोणी कोणाला ओळखतही नाही. उठाठेव करायला ओळखीची माणसं लागतात.

पहिली पाच प्रकरणं रद्द. दोन आठवडे गेले. त्याचं वाईट वाटतंय, पण फार नाही.

२६ मे

दिवसभर वाचन. परवान्याची कल्पना हातात धरून जुन्या गोष्टी पुन्हा बघितल्या.

१८९७: ॲना कॅथरीन ग्रीन या अमेरिकन लेखिकेची अमेलिया बटरवर्थ. प्रौढ, अविवाहित, खानदानी. मध्यरात्री शेजारच्या बंद घरापाशी गाडी थांबल्याचा आवाज येतो आणि ही खिडकीशी जाते. सगळी कादंबरी त्या खिडकीतून सुरू होते. गंमत म्हणजे, आपण चौकस आहोत हे मान्य करायला ती अजिबात तयार नाही.

डिसेंबर १९२७: ॲगाथा ख्रिस्तीची म्हातारी शोधक मिस मार्पल पहिल्यांदा छापून आली, कादंबरीत नव्हे, एका मासिकातल्या कथेत. काही मंडळी जमलीयेत. एक लेखक, एक चित्रकार, एक पाद्री, एक वकील, आणि स्कॉटलंड यार्डचा माजी आयुक्त. दर मंगळवारी एकाने न सुटलेलं प्रकरण सांगायचं, बाकीच्यांनी सोडवायचं, असं ठरतं. किती जण आहोत म्हणून चित्रकार मुलगी मोजते: पाच. सहा असते तर बरं झालं असतं. विणत बसलेली म्हातारी म्हणते, मला विसरलीस की गं.

तेवढंच. हा प्रसंग मी पूर्वी किमान चारदा वाचलाय आणि दरवेळी घाईने ओलांडून खुनाकडे गेलोय. आज तिथेच थांबलो. उत्तर अर्थात तीच देते. पण मजा उत्तराची नाही. जिला मोजलंही नव्हतं तिचं बरोबर निघतं, आणि ते आयुक्तासमोर निघतं, याची आहे.

आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला लहानपणी जीव लावला तो याचसाठी असणार. तिथे न मोजलेलं माणूस म्हातारी नसून काडीपैलवान पोरगा आहे, एवढाच फरक.

२ जून

नवा आराखडा, आणि या वेळी तो हलतोय.

वाचनालयाचे वृद्ध चिटणीस एक दिवस दिसेनासे होतात. टेबलावर त्यांच्या नावाने टंकलिखित पत्र:

"मी जात आहे. काही कारणे आहेत, ती सांगणार नाही. शोध करू नये."

माणूस तऱ्हेवाईक, एकटा. सगळे म्हणतात, गेले असतील. गुन्हा झालाय हेच कोणाला माहीत नाही. फक्त बाईंना पत्र खटकतं. पत्रात चूक आहे म्हणून नव्हे. चूक एकही नाही म्हणून.

चिटणिसांनी जुनं शुद्धलेखन कधी सोडलंच नव्हतं. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नियम लागू झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. चिटणिसांच्या लेखी ते गेलेच नाहीत. त्यांनी लिहिलं असतं तर पत्र असं असतं:

"मी जात आहें. कांहीं कारणें आहेत, तीं सांगणार नाहीं. शोध करूं नये."

सात ठिपके. पत्रात त्यांतला एकही नाही ('सांगणार' वरचा उच्चारला जातो, तो धरायचा नाही). हे लिहिणारा नव्या नियमांवर शाळा शिकलेला आहे, आणि आपण काही वगळतोय हे त्याला कळणं शक्यच नाही. जे कधी पाहिलंच नाही ते खोडायचं तरी कसं?

लेखक म्हणून आज मी खूश आहे. असं वर्षातून एकदा होतं.

३ जून

कालच्या ठिपक्यांबद्दल एक सावधगिरी. आपण हल्ली 'केलं', 'झालं' वर देतो तो ठिपका निराळा, तो बोलण्यातल्या उच्चाराचा. पत्र बोलीत लिहिलं असतं तर दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या असत्या. म्हणून पत्राची भाषा 'कारणे', 'करू नये' अशी कडक ठेवली.

दुसरं. बाईंना हे कसं कळतं? 'त्या हुशार आहेत' हे उत्तर चालणार नाही. मग असं केलं: वाचनालयाच्या वार्षिक अहवालाची प्रुफं गेली अठरा वर्षं बाईच तपासतायत. दरवर्षी त्या लाल शाईने चिटणिसांचे ठिपके खोडतात. दरवर्षी चिटणीस दुसऱ्या प्रुफात ते परत घालतात. अठरा वर्षांत दोघांमध्ये बाकी संभाषण जवळपास नाही.

हे लिहिताना लक्षात आलं की बाईंकडे जे ज्ञान आहे ते पोलिसांकडे असूच शकत नाही. पंचनाम्यात त्याला जागा नाही. ॲगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखोलीत काम केलं आणि तिथलं विषांचं ज्ञान १९२० च्या पहिल्या कादंबरीत वापरलं, हे सगळे सांगतात. पण विष ही तज्ज्ञांची गोष्ट झाली. मार्पल वापरते ते ज्ञान कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत: हा माणूस त्या अमक्याच्या भाच्यासारखा हसतो, आणि त्या भाच्याने पैसे उचलले होते. रोजच्या कामातून साचलेलं, 'त्यात काय एवढं' म्हणून सोडून दिलेलं. प्रत्येकाकडे असलं काहीतरी असतं. मला स्वतःला प्रिंटरच्या आवाजावरून कागद कुठे अडकलाय ते सांगता येतं. आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.

९ जून

काही झालं नाही. सहाव्या प्रकरणात तीन माणसं एका खोलीत उभी करून ठेवलीयेत. उद्या बसवतो.

१४ जून

रोनाल्ड नॉक्सच्या नियमांवर मसुदा घासून पाहिला. नॉक्स हा कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक. १९२९ मध्ये त्याने दहा आज्ञा लिहिल्या, निम्म्या गंमतीने. गुन्हेगार कथेत लवकर आला पाहिजे. अलौकिक काही चालणार नाही. गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको (हा माझा आवडता, एक चालेल म्हणतोय). कोणाला माहीत नसलेलं विष नको. शोध लावणाऱ्याने स्वतः गुन्हा करायचा नाही. जुळी भावंडं आणायची तर वाचकाला आधी तयार करा.

मला लागलेला नियम एकच: शोधकाला जो धागा मिळाला तो वाचकालाही दाखवला पाहिजे. म्हणजे चिटणिसांचे ठिपके पत्राच्या आधी वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेले पाहिजेत, आणि त्याला ते दिसून न दिसल्यासारखे झाले पाहिजेत. उपाय: वाचनालयाच्या दारावर चिटणिसांनी लिहिलेली पाटी.

"पुस्तकें वेळेवर परत करावीं. सवलत कोणासही मिळणार नाहीं."

वाचक हसेल आणि पुढे जाईल. त्याला वाटेल, पाटी हसवायला आहे. हलक्याफुलक्या कादंबरीची हीच तर सोय: विनोदाखाली काहीही पुरता येतं. गंभीर कादंबरीत पाटीवर एवढं रेंगाळलो असतो तर वाचकाला लगेच वास आला असता.

२२ जून

इन्स्पेक्टर. पहिल्या खर्ड्यात मूर्ख होता. ते स्वस्त वाटलं. मूर्खाला हरवण्यात बाईंचं काय कौतुक? आता तो हुशार आहे, कामाने पिचलेला आहे, आणि त्याच्याकडे तशीच आणखी बारा प्रकरणं आहेत. बाईंकडे एकच आहे आणि भरपूर वेळ आहे. हौशी शोधकाचं खरं भांडवल बुद्धी नव्हे, फुरसत.

चौथ्या प्रकरणात जुन्या नियतकालिकांच्या खोलीत चिटणिसांचं प्रेत सापडतं. वर्णन अडीच ओळी. हस्तलिखित विकणाऱ्याला त्यांनी रंगेहाथ पकडलं होतं, हे पुढे कळतं. म्हणजे रद्द केलेली चोरी कारण म्हणून परत कामाला आली.

३० जून

पूर्ण मसुदा तीन वाचकांना पाठवला: ताई, ऑफिसमधला एक मित्र, आणि त्याची आई.

८ जुलै

घोटाळा.

ताईचा फोन. "अरे, शेवटी ती बाई म्हणते की पाटीवर ठिपके आहेत आणि पत्रात नाहीत. मग पाटीवर तरी कुठे आहेत?"

"पान अकरा बघ."

"पान अकराच बघतेय."

मी उघडून पाहिलं. 'पुस्तके वेळेवर परत करावी. सवलत कोणासही मिळणार नाही.' पाठवण्याआधी सगळ्या फायलीवर शुद्धलेखन तपासणी चालवली होती आणि 'सर्व बदला' वर बोट ठेवलं होतं. मशिनने एकूण एक ठिपका खोडला. अहवालातले, पाटीवरचे, बाईंनी मनात म्हटलेले, सगळे. चिटणिसांनी अठरा वर्षं जे होऊ दिलं नाही ते अडीच सेकंदांत झालं.

मुद्रितशोधकावरची कादंबरी, प्रूफ न वाचता पाठवलेली. कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय.

आणखी एक नोंद हवी. मित्राने आणि त्याच्या आईने आठवड्यापूर्वीच वाचून संपवली होती. दोघांनाही काही खटकलं नव्हतं. ज्यांनी सरळ वाचलं ते अकराव्या पानावरून शेवटाकडे धावत गेले. मागे वळायला कोणाला उसंत होती? जिने शेवटापासून सुरुवात केली तिने पानापानावर ठिपके शोधले. यापुढे तिला त्या सवयीवरून बोलणार नाही.

९ जुलै

सगळे ठिपके हाताने परत घातले. शोधून-बदलून नाही, एकेक.

१७ जुलै

तिघांशी सविस्तर बोलणं झालं. गुन्हेगार कोण हे मित्राने निम्म्यावर ओळखलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नव्हता. त्याच्या आईला ओळखता आलं नाही आणि त्याचं तिला सुखदुःख नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं: खजिनदाराने बाईंची नंतर माफी मागितली का? (मागितली नव्हती. आता मागतो, बाराव्या प्रकरणात, दारातच उभा राहून, वाईट तऱ्हेने.)

एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने १९४५ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात या प्रकाराची सालटी काढली होती. रॉजर ॲक्रॉइडला (ख्रिस्तीच्या एका कादंबरीतला मृत) कोणी मारलं याची पडलीय कोणाला, अशा अर्थाचा मथळा. त्याला वाटलं आपण टोमणा मारतोय. माझ्या तीन वाचकांपुढे तो टोमणा ठेवला तर तिघंही म्हणतील, नाहीच पडलेली. मग?

तिघांनाही आवडलेली जागा एकच निघाली, आणि तिथे रहस्य संपून गेलेलं आहे. शेवटचं पान: त्या वर्षीच्या वार्षिक अहवालाची प्रुफं येतात. चिटणिसांनी जाण्यापूर्वी लिहून ठेवलेला मजकूर आहे, ठिपक्यांसकट. बाई लाल पेन उघडतात. थोड्या वेळाने टोपण लावतात.

हे पान मी एका दुपारी, फार विचार न करता लिहिलं होतं. त्याआधीची पस्तीस हजार शब्दांची पळापळ नसती तर मात्र ते उभं राहिलं नसतं.

२३ जुलै

ताई आता दुसऱ्या भागाच्या मागे लागलीय. मी म्हटलं, एका वाचनालयात किती खून पाडायचे? त्यावर तिने अमेरिकेतल्या 'मर्डर, शी रोट' या टीव्ही मालिकेचा दाखला दिला, १९८४ ते १९९६, बारा हंगाम, २६४ भाग, शिक्षकी सोडून रहस्यकथा लिहू लागलेली एक विधवा आणि तिचं समुद्राकाठचं चिमुकलं गाव. त्या गावातल्या मृत्यूंचं प्रमाण हा जगभर विनोदाचा विषय आहे, तरी बघणाऱ्याला तिथे राहायला जावंसं वाटतं. ताईचं म्हणणं, त्यात नवल काय? तिथे कोणी गेलं तर निदान एक जण तरी लक्ष घालतं.

"बरं, बाईंचं नाव काय ठेवलंस शेवटी?"

"नाहीच सुचलं."

"नकोच मग. प्रुफं तपासणाऱ्याचं नाव कुठे छापतात?"

२६ जुलै

प्रिंट काढली. कागद दोनदा अडकला. दोन्ही वेळा आवाजावरून ओळखला. पान अकरा: तीन ठिपके. पान सत्तेचाळीस, ते पत्र: शून्य. बरोबर.